मर्टनच्या सूत्रातला म्यू आणायचा कुठून?

पैसा हातात आला की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. यातला खर्चायचा किती, आणि उरेल तो ठेवायचा कुठे? घरोघरी याची उत्तरं वेगळी असतात. कोणी पगार झाल्या दिवशीच आरडी आणि एसआयपीचे पैसे बाजूला काढतं आणि उरलेल्यात महिना ढकलतं. कोणी आधी महिना काढतं, मग काही उरलंच तर बघतं. गणितात मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच समीकरणात बांधलेले आहेत. ज्या पेपरनं ते बांधले त्याच्याबद्दल आज लिहायचं आहे. थोडं कौतुक आहे, पण मुख्यतः तक्रार आहे. माझं पीएच.डी.चं काम याच मॉडेलच्या नातवंडा-पतवंडांवर चालू असल्यामुळे ही तक्रार घरातलीच समजा.

पेपर आहे रॉबर्ट सी. मर्टन यांचा, ‘रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’च्या ऑगस्ट १९६९च्या अंकातला. मर्टन तेव्हा २५ वर्षांचे होते. कॅलटेकमधलं उपयोजित गणित सोडून ते एमआयटीत अर्थशास्त्र करायला आले होते आणि पॉल सॅम्युएलसन यांच्या हाताखाली काम करत होते. त्याच अंकात, मर्टनच्या अगदी आधी, सॅम्युएलसन यांचा जोड-पेपर आहे. प्रश्न तोच, पण सॅम्युएलसन वर्ष-वर्ष असे टप्पे घेतात आणि मर्टन काळ अखंड वाहता धरतात. (‘सेल्फ-फुलफिलिंग प्रॉफेसी’ हा शब्दप्रयोग रूढ करणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट के. मर्टन हे यांचे वडील. मधलं एक अक्षर सोडलं तर नाव तेच, त्यामुळे लायब्ररीत शोधताना हमखास घोळ होतो.)

मॉडेल असं आहे. पैसे ठेवायला दोन जागा. एक एफडीसारखी, ठरलेलं व्याज देणारी. त्या व्याजाला ‘आर’ म्हणू. दुसरी म्हणजे शेअर. त्याचा वर्षाचा सरासरी परतावा ‘म्यू’ आणि त्या सरासरीभोवतीची हेलकाव्यांची तीव्रता ‘सिग्मा’. दर क्षणी तुम्ही दोन गोष्टी ठरवता: आत्ता किती खर्च करायचा, आणि उरलेल्या पैशातला किती हिस्सा शेअरमध्ये असावा. उद्देश एकच, आयुष्यभराच्या खर्चातून मिळणारं समाधान जास्तीत जास्त व्हावं. समाधान रुपयांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. उपाशी माणसाची पहिली भाकरी आणि चौथी भाकरी यांत फरक असतोच. हा फरक किती झपाट्यानं पडतो ते ‘गॅमा’ हा आकडा सांगतो. गॅमा जितका मोठा, तितका माणूस जोखमीला जास्त घाबरणारा.

सोडवायची युक्ती बेलमन यांची. उद्यापासून मी शहाण्यासारखी वागणार आहे असं धरायचं, आणि मग फक्त आजच्या क्षणी काय करावं एवढंच ठरवायचं. यातून एक डिफरन्शियल इक्वेशन तयार होतं. अशी समीकरणं सहसा हातानं सुटत नाहीत, पण मर्टननी समाधानाचं जे रूप निवडलं त्यामुळे हे सुटतं, आणि उत्तर इतकं सुटसुटीत येतं की पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही. शेअरमधला हिस्सा म्हणजे म्यू वजा आर, भागिले, गॅमा गुणिले सिग्माचा वर्ग. बस्स. वरती बक्षीस, खाली भीती आणि धोका. यात तुमचं वय नाही, किती पैसे आहेत ते नाही, काल बाजार पडला की चढला तेही नाही.

आकडे घालून बघू. महागाई वजा जाता एफडी २ टक्के देते, शेअर त्यापेक्षा सरासरी ६ टक्के जास्त देतो, सिग्मा २० टक्के, गॅमा ३. तर ०.०६ भागिले (३ गुणिले ०.०४), म्हणजे बरोबर अर्धा. निम्मे पैसे शेअरमध्ये, निम्मे एफडीत, जन्मभर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे हेच वापरणार आहे.

वय गळून पडणं हा अपघात नव्हता. ‘तरुणांनी जास्त जोखीम घ्यावी, हातात वेळ आहे’ हे तेव्हाही सगळे म्हणत, आणि सॅम्युएलसन यांना नेमकं तेच खोडायचं होतं. वेळ जास्त असला की धोका आपोआप विरतो असं नाही, हे त्यांनी गणितानं दाखवलं. आता तुमच्यापैकी कोणाचं एनपीएस असेल तर त्यातला ‘ऑटो चॉइस’ बघा. एलसी-५० या पर्यायात वयाच्या ३५व्या वर्षापर्यंत इक्विटीचा हिस्सा ५० टक्के असतो, मग दर वर्षी २ टक्क्यांनी उतरत ५५व्या वर्षी १० टक्क्यांवर येतो. १९६९चे मर्टन म्हणतील, हा उतार कशासाठी?

१९९२चे मर्टन तसं म्हणणार नाहीत. त्या वर्षी झ्वी बोडी, मर्टन आणि सॅम्युएलसन या तिघांनी मिळून एक पेपर लिहिला आणि वय मागच्या दारानं परत आत घेतलं. मुद्दा असा की तरुण माणसाची खरी संपत्ती त्याच्या बँकेत नसते, ती त्याच्या पुढच्या पगारांत असते. हे पगार बऱ्यापैकी खात्रीचे असतील तर ती एक मोठी एफडीच झाली. मग हातातली बचत जास्त धाडसानं गुंतवायला हरकत नाही. वय वाढतं तशी ही न दिसणारी एफडी संपत जाते आणि धाडस कमी करावं लागतं.

पटण्यासारखं आहे, पण आकडे घालून बघा. तुम्ही २८ वर्षांचे आहात, बचत ५ लाख आहे आणि पुढच्या सगळ्या पगारांची आजची किंमत १ कोटी आहे असं धरू. सूत्र म्हणतं, एकूण १ कोटी ५ लाखांच्या निम्मे, म्हणजे साडेबावन्न लाख शेअरमध्ये हवेत. हातात आहेत ५. उरलेले साडेसत्तेचाळीस लाख कर्ज काढून! कोणती बँक देईल ते मर्टनना विचारा. शिवाय पगार म्हणजे एफडी हे कोणाच्या बाबतीत खरं आहे? कायम नोकरीवाल्यांचं ठीक. तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक, ज्यांची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते ते संशोधक विद्यार्थी, ज्यांचं वर्ष कांद्याच्या भावावर ठरतं ते शेतकरी, यांचं येणारं उत्पन्नच शेअरपेक्षा जास्त हेलकावतं. त्यांच्यासाठी हाच युक्तिवाद उलटा चालवावा लागतो. हातातली बचत जितकी सुरक्षित ठेवता येईल तितकी ठेवा, कारण जोखीम आधीच घेऊन झालेली आहे.

पण माझी तक्रार याबद्दल नाही. ‘मॉडेलमध्ये अमुक नाही, तमुक नाही’ ही टीका सगळ्यात सोपी असते. १९९८ साली एलटीसीएम हा फंड बुडाला, मर्टन त्यात भागीदार होते, म्हणून सगळं गणित खोटं, असं म्हणणारे लोकही भेटतात. ते उगाळण्यातही मला रस नाही. सूत्रात जे आहे, अगदी पहिलंच अक्षर, त्याबद्दल मला बोलायचं आहे. म्यू.

म्यू कोणी सांगायचा? तुम्ही म्हणाल, जुना डेटा बघायचा आणि सरासरी काढायची. ठीक आहे. आणि सरासरी नीट यावी म्हणून वर्षाऐवजी रोजचे भाव घ्यायचे, जमलं तर मिनिटा-मिनिटाचे. इथेच खरी गंमत आहे. रोजचा परतावा म्हणजे आजचा भाव वजा कालचा भाव (भाव लॉगमध्ये मोजायचे). सगळ्या दिवसांची बेरीज करायला घेतली की कालचा भाव एकदा अधिक आणि एकदा वजा येतो, आणि कटतो. परवाचाही कटतो. मधलं सगळं कटून शेवटी उरतो फक्त शेवटचा भाव वजा पहिला भाव. त्याला वर्षांनी भागलं की झाली तुमची सरासरी. (अर्ध्या सिग्मा-वर्गाची एक दुरुस्ती करावी लागते, पण तिनं मुद्दा बदलत नाही.) दादरहून पुण्याला निघालेल्या गाडीचा सरासरी वेग काढताना तुम्ही ठाणं, कल्याण, कर्जत, लोणावळा सगळ्यांच्या वेळा वहीत टिपल्या म्हणून वेग जास्त अचूक येत नाही. सुटायची वेळ आणि पोचायची वेळ, एवढंच लागतं. मधली टिपणं गाडी किती रखडत-धावत गेली ते सांगतील, म्हणजे सिग्मा सांगतील. सिग्मा म्हणूनच भरपूर भावांवरून छान मोजता येतो. म्यूसाठी एक अख्खा प्रवास म्हणजे एकच नोंद.

म्यूच्या अंदाजातली प्रमाण त्रुटी, म्हणजे साधारणपणे अंदाज खऱ्यापासून किती इकडे-तिकडे असेल ते, सिग्मा भागिले वर्षांचं वर्गमूळ एवढी असते. वर्षांचं, नोंदींचं नाही. सिग्मा २० टक्के आणि २५ वर्षांचा डेटा असेल तर त्रुटी ४ टक्के. १०० वर्षांचा असेल तरी २ टक्के. आणि आपण मोजतोय काय, तर ६ टक्क्यांचा फरक.

हे आता सूत्रात घाला. २५ वर्षांच्या डेटावरून तुमचा ६ टक्क्यांचा अंदाज आला, तर खरा आकडा २ असू शकतो किंवा १० असू शकतो, यात कोणाला काही आश्चर्य वाटायचं कारण नाही. २ असेल तर शेअरमधला हिस्सा १७ टक्के हवा. १० असेल तर ८३ टक्के. नेहमीची ९५ टक्क्यांची पट्टी घेतली, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन प्रमाण त्रुटी, तर उत्तर उणे १७ टक्क्यांपासून ११७ टक्क्यांपर्यंत कुठेही. उणे म्हणजे शेअर उसने घेऊन विका, शंभरच्या वर म्हणजे कर्ज काढून घ्या. जन्मभराचं ‘इष्टतम’ उत्तर देणारं सूत्र, आणि पट्टी एवढी रुंद.

हे मी शोधून काढलेलं नाही. खुद्द मर्टननी १९८० साली ‘जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स’मध्ये बाजाराचा सरासरी परतावा कसा मोजावा यावर पेपर लिहिला. १९२६ ते १९७८ असा अमेरिकी बाजाराचा डेटा घेतला आणि मोजणी किती अवघड आहे ते स्पष्ट मांडलं. अर्ध्या शतकाच्या डेटावरही, सिग्मा २० टक्के धरला तर, त्रुटी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास राहते. आपल्याकडे सेन्सेक्सचं आधार वर्ष १९७८–७९. सिग्मा २५ टक्के धरला आणि ४५ वर्षं घेतली तर त्रुटी ३.७ टक्के. त्यातही सेबीला वैधानिक अधिकार मिळण्याआधीचा, बदल्याचे व्यवहार चालणारा बाजार आणि आजचा डीमॅट खात्यांचा बाजार या दोन्हींचा म्यू एकच होता, असं गृहीत धरावं लागतं. मला तरी ते धरवत नाही.

आणि हा प्रश्न फक्त शेअर किती घ्यायचे एवढ्यापुरता नाही. लक्षात घ्या, याच पेपरात खर्चाचंही सूत्र आहे. खर्च संपत्तीच्या ठरावीक टक्के करायचा, आणि ते टक्के कोणते हे पुन्हा म्यूवरच अवलंबून. आपल्या आकड्यांवर, भविष्यातल्या सुखाची सूट वर्षाला ३ टक्के धरली, तर उत्तर येतं ३.३३ टक्के. निवृत्तीच्या वेळी ६० लाख जमलेल्या जोडप्यानं महिन्याला सुमारे १६,७०० रुपये खर्चावेत. (मॉडेल आयुष्य अनंत धरतं, म्हणून आकडा कंजूष दिसतो. तो मुद्दा सोडून द्या.) आता म्यू एका प्रमाण त्रुटीनं खाली घ्या: महिना १२,२०० रुपये. वर घ्या: २५,६०० रुपये. पहिल्यात औषधं आणि वीजबिल भागवताना ओढाताण आहे, दुसऱ्यात वर्षातून एखादी सहलही बसते. दोन्ही उत्तरं त्याच डेटाशी सुसंगत आहेत! ज्याला हे सूत्र ॲपमध्ये घालून ‘तुमच्यासाठी योग्य खर्च’ म्हणून एकच आकडा दाखवायचा आहे, त्यानं तो आकडा कुठून आणला हे विचारायला हवं.

जाता जाता: सूत्राप्रमाणे बाजार पडून संपत्ती २० टक्क्यांनी घटली तर त्याच दिवशी किराणाही २० टक्क्यांनी कमी व्हायला हवा. असं कुठलं घर वागतं? लोकांचा खर्च इतका हलत नाही. यावरूनच पुढे रजनीश मेहरा आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांचा १९८५चा प्रसिद्ध पेपर आला. खर्च इतका स्थिर असताना शेअर एफडीपेक्षा एवढं जास्त का देतात, याचं उत्तर या जातीच्या मॉडेलांना देता येत नाही, हे त्यांनी दाखवलं. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, आज नको.

मग आमच्या क्षेत्रानं, म्हणजे स्टोकॅस्टिक कंट्रोलवाल्यांनी, गेल्या ५० वर्षांत काय केलं? पुष्कळ केलं, आणि त्यातलं बरंच सुंदर आहे. मर्टनच्या १९७१च्या मोठ्या पेपरात पैसे शून्यावर आल्यावर काय होतं हे नीट हाताळलेलं नव्हतं. काही समाधान-फलनांसाठी त्यातलं उत्तर खर्चाला उणे जाऊ देत होतं. उणे खर्च म्हणजे काय, उलटी जेवणं? ही चूक नीट निस्तरणाऱ्यांत सुरेश सेठी होते, आयआयटी मुंबईतून बी.टेक. झालेले. १९८६ साली करात्झास, लेहोत्स्की, सेठी आणि श्रीव्ह या चौघांनी दिवाळखोरीची सीमा धरून प्रश्न परत सोडवला. १९८८ साली सेठी आणि टाक्सार यांनी मर्टनच्या पेपरावर थेट टिपण लिहिलं. गणितातली टीका कशी असावी याचा तो नमुना आहे. आवाज न चढवता, ओळ दाखवून.

दुसरं उदाहरण डेव्हिस आणि नॉर्मन यांचं, १९९०चं. मर्टनचं सूत्र पाळायचं तर दर क्षणी खरेदी-विक्री करत राहावी लागते, आणि दलाली द्यावी लागली तर माणूस एका दिवसात कफल्लक होईल. डेव्हिस-नॉर्मननी दाखवलं की दलाली असेल तर अर्ध्याच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा आखायचा. हिस्सा पट्ट्याच्या आत आहे तोवर हात लावायचा नाही, कडेला टेकला की फक्त कडेपुरतंच सरकवायचं. ही सिद्धता मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. पण आता पट्ट्याची रुंदी काढून बघा. आपल्या आकड्यांवर, घेताना १ टक्का आणि विकताना १ टक्का खर्च धरला, तर पट्टा साधारण ४३ ते ५७ टक्के येतो. आणि म्यू माहीत नसल्यामुळे आलेली पट्टी, फक्त एका प्रमाण त्रुटीची, १७ ते ८३ टक्के.

माझी तक्रार ही इथे आहे. आम्ही म्यू माहीत आहे असं धरतो आणि मग त्या उत्तरावर दुरुस्त्या करत जातो. दलालीची दुरुस्ती. सिग्मा स्वतःच बदलतो त्याची. भाव उड्या मारतात त्याची. बाजार तेजीतून मंदीत जातो त्याची. प्रत्येक दुरुस्तीमागे खरं, कष्टाचं गणित असतं. शेवटी ‘संख्यात्मक उदाहरण’ नावाचा एक विभाग येतो, तिथे म्यू म्हणून एक गोल आकडा अवतरतो. तो कुठून आला याचं एक वाक्यही बऱ्याचदा नसतं. दुरुस्तीनं हिस्सा ५० वरून ४६वर येतो, आलेख काढला जातो, निष्कर्ष लिहिला जातो. ज्या खोलीच्या भिंतीच कुठे आहेत ते ठाऊक नाही, तिथे आम्ही मिलिमीटरची पट्टी घेऊन पडद्याची मापं काढतोय.

यावर आमच्याकडे ठरलेलं उत्तर असतं: ‘म्यू मोजणं हे संख्याशास्त्रज्ञांचं काम. आकडा आम्हाला द्या, इष्टतम काय ते आम्ही सांगतो.’ हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि त्याला कारणही मर्टनच्याच मॉडेलमध्ये आहे. हिस्सा चुकला तर किती नुकसान होतं याचंही सूत्र त्यातूनच निघतं. चुकीचा वर्ग, गुणिले गॅमा, गुणिले सिग्माचा वर्ग, भागिले २. आपल्या आकड्यांवर ५० ऐवजी ४० टक्के ठेवले तर नुकसान वर्षाला ०.०६ टक्के. म्हणजे नगण्य, त्यामुळे ती ४ टक्क्यांची दुरुस्ती जवळजवळ कुणालाच जाणवणार नाही. पण ५० ऐवजी ८३ ठेवले तर ०.६७ टक्के जातात, आणि शेअरमध्ये शहाणपणानं गुंतवल्याचा संपूर्ण फायदाच मुळात वर्षाला दीड टक्का होता. बरोबर दुप्पट, म्हणजे १०० टक्के ठेवले तर फायदा शून्य. सगळे एफडीत ठेवून झोपला असता तरी तेच. दोन प्रमाण त्रुटींची चूक झाली तर एफडीपेक्षा वाईट. म्हणजे लहान चुका मॉडेल पोटात घालतं, मोठ्या चुकांना सोडत नाही, आणि मोठी चूक येते ती म्यूमधूनच. हे शेजारच्या विभागावर ढकलून कसं चालेल?

एकाऐवजी अनेक शेअर असतील तर परिस्थिती आणखी बिकट होते, कारण प्रत्येकाचा म्यू वेगळा मोजायचा. २००९ साली डीमिगेल, गार्लाप्पी आणि उप्पल यांनी ‘इष्टतम’ म्हणवणारी १४ मॉडेलं ७ डेटासंचांवर चालवून बघितली आणि त्यांची तुलना सगळ्यात अडाणी नियमाशी केली: जितके पर्याय तितके समान वाटे. पुढच्या काळातल्या कामगिरीत एकही मॉडेल या वाटणीला सातत्यानं हरवू शकलं नाही. त्यांच्या हिशेबानं २५ पर्याय असतील तर नेहमीच्या पद्धतीला समान वाट्यांच्या पुढे जायला सुमारे ३,००० महिन्यांचा डेटा लागेल. ३,००० महिने म्हणजे २५० वर्षं. मुंबई शेअर बाजार १८७५ सालचा, म्हणजे आपल्याला २१२५ सालापर्यंत थांबायचं आहे.

म्यू माहीत नाही हे मान्य करून गणित करणारी माणसं आहेत, आणि तिथे मला सगळ्यात जास्त काही शिकायला मिळालं. नुसता ढोबळ हिशेब करू. म्यूचा अंदाज चुकला असेल तर ती चूक दर वर्षी त्याच दिशेला होते. हेलकावे एकमेकांना थोडेफार कापतात, पण ही चूक साचत जाते. त्यामुळे एकदा गुंतवून न हलवता ठेवायचं असेल तर वर्षागणिक धोका सिग्माच्या वर्गाएवढाच राहत नाही. त्यात प्रमाण त्रुटीचा वर्ग गुणिले वर्षं एवढी भर पडते. ४ टक्के त्रुटी आणि ५ वर्षं धरली तर धोका ०.०४ वरून ०.०४८ होतो आणि शेअरचा हिस्सा ५० वरून ४२ टक्क्यांवर येतो. ३० वर्षं धरली तर धोका ०.०८८, हिस्सा २३ टक्के. बार्बेरिस यांनी २००० साली हेच काटेकोरपणे दाखवलं आहे. ब्रेनन यांनी १९९८ साली त्याच्या पुढचा प्रश्न घेतला: गुंतवणूकदार दर वर्षी भाव बघून म्यूबद्दल शिकत जातो आणि हिस्सा बदलत जातो, तेव्हा काय? ज्याचा गॅमा १ पेक्षा मोठा आहे त्याच्यासाठी दिशा तीच राहते. क्षितिज जितकं लांब, तितके शेअर कमी.

दिशा बघितलीत ना? वय पुन्हा आत आलं, पण एनपीएसच्या तक्त्याच्या अगदी उलट. ज्याच्यापुढे ३० वर्षं आहेत त्यानं कमी शेअर घ्यावेत आणि ज्याच्यापुढे ५ आहेत त्यानं जास्त. १९६९ म्हणतं वयाचा संबंध नाही, १९९२ म्हणतं तरुणानं जास्त घ्यावेत, आणि म्यूबद्दलचं अज्ञान मोजलं की तरुणानं कमी. पगाराची एफडी एका बाजूला ओढते, अज्ञान दुसऱ्या बाजूला. कोण जिंकतं हे तुमचा पगार किती खात्रीचा आहे यावर ठरतं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकासाठी दोन्ही ओढ एकाच दिशेला आहेत, आणि एलसी-५०चा तक्ता त्याच्यासाठी आणि सरकारी कर्मचाऱ्यासाठी एकच आहे.

माझ्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणाच्या उदाहरण-विभागात आता म्यूच्या तीन ओळी आहेत: मधला, एक त्रुटी खालचा, एक त्रुटी वरचा. मार्गदर्शक सर म्हणाले, तक्ता कुरूप दिसतो. दिसतो खरा. माझ्या मूळ दुरुस्तीचा परिणाम त्या तक्त्यात शोधावा लागतो. पुढच्या वेळी ब्रेनन यांचा पेपर पायरी-पायरीनं सोडवू. तोपर्यंत काल्मन फिल्टर म्हणजे काय एवढं वाचून ठेवलंत तर सोपं जाईल.